मालकाशी बांधलेला व्हिसा

चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैमध्ये ह्युंदाईच्या गाड्या १९९८ पासून बनतात. आसपासच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत कोरियन तंत्रज्ञही असतात. आमच्याकडच्या अशाच एका तंत्रज्ञाची नोकरी गेली. शेजारच्याच कारखान्यात जागा होती. पण भारताचा रोजगार व्हिसा मालकाशी बांधलेला. मूळ कंपनी आणि तिच्या उपकंपन्या सोडल्या, तर इथे राहून मालक बदलता येत नाही. परत जाऊन नवा व्हिसा काढायचा. त्याच्या मुलांची शाळा मध्येच सुटणार, याचंच मला फार वाईट वाटतं.

माझा भाऊ अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर आहे. तिथे नोकरी गेल्यावर २०१७ पासून कमाल ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नव्या मालकाने अर्ज केला की राहता येतं. ती मुदतही आम्हाला घरी तुटपुंजी वाटते. मग इथे घाम गाळणाऱ्याला आपण तेवढीसुद्धा का देऊ नये?