ठार, मृत्यू की बळी?

बातमीचा सूर शीर्षकातच लागतो. नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात बॉयलरचा स्फोट झाला, असे समजू. ‘कामगार ठार’, ‘कामगाराचा मृत्यू’ आणि ‘कामगाराचा बळी’ ही तिन्ही शीर्षके त्या एकाच घटनेवर बसू शकतात. ‘ठार’ म्हणजे आघाताने जागच्या जागी आलेले मरण. दोन दिवस रुग्णालयात झुंजून गेलेल्या माणसाला तो शब्द लावणे चूक आहे. ‘मृत्यू’ हा शब्द कारणाविषयी काहीच बोलत नाही. ‘बळी’ म्हटले, की बळी घेणारे कोणी तरी आहे, असे वाचक धरून चालतो. चौकशी सुरू होण्याआधीच ‘बळी’ लिहिणारा वार्ताहर निकाल देऊन मोकळा होतो. उलट, सुरक्षेत कसूर झाल्याचे चौकशीत सिद्ध झाल्यावरही जो ‘मृत्यू’वरच थांबतो, तो मालकाला सांभाळून घेतो. ही दुसरी चूक जास्त घातक, कारण ती संयमाच्या वेशात येते आणि कुणाच्या नजरेत भरत नाही.

शीर्षकाखालच्या मजकुरात हेच काम ‘होणे’ हे क्रियापद करते. ‘लाठीमार झाला’, ‘विलंब झाला’, ‘दुर्लक्ष झाले’ या वाक्यांत करणारा कुठेच दिसत नाही. कर्ता ठाऊक नसेल तर ही रचना प्रामाणिक आहे. ठाऊक असेल, तर ‘पोलिसांनी लाठीमार केला’ असेच लिहावे लागते. घटना तीच, पण जबाबदारी कुणाची हे दुसऱ्या वाक्यातच कळते.

वर्धा मार्गावरच्या अपघाताच्या बातमीत ट्रक बहुधा ‘भरधाव’ असतो आणि चालकाचे ‘नियंत्रण सुटलेले’ असते. वेग कुणी मोजलेला नसतो. शब्द सवयीने आलेला असतो. या दोन शब्दांनी सारा दोष चालकाच्या माथी जातो आणि रस्त्यावरचा खड्डा, बंद पडलेला पथदिवा, कडेला दिवे न लावता उभा केलेला कंटेनर यांकडे लक्ष जात नाही. घटनास्थळी जाऊन आलेल्या वार्ताहराची बातमी वेगळी वाचली जाते, कारण तिच्यात विशेषणे कमी आणि पाहिलेल्या वस्तू जास्त असतात.

कामगारांच्या बातम्यांत तर शब्दाला कायद्याचाही अर्थ असतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने संप आणि टाळेबंदी यांच्या स्वतंत्र व्याख्या दिल्या: काम थांबवले कामगारांनी, तर तो संप, दार लावले मालकाने, तर ती टाळेबंदी. ‘कंपनी बंद पडली’ या वाक्यात हा भेदच नाहीसा होतो. जमिनीबाबतही तसेच घडते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले, आणि ‘भूसंपादन’ हा त्याच्या फाइलीतला शब्द. गावातला शेतकरी मात्र ‘जमीन गेली’ म्हणतो. व्यवहार मांडताना पहिला शब्द नेमका आहे, माणसाचे म्हणणे देताना दुसरा. पूर्ण बातमीला दोन्ही लागतात.

बोलण्याची क्रियापदे सर्वांत निसरडी. ‘सांगितले’ सरळ आहे. ‘दावा केला’ शंका पेरतो, ‘कबूल केले’ गुन्ह्याची छाया टाकतो, ‘ठणकावले’ बोलणाऱ्याला मोठे करतो. एकाच बातमीत अधिकारी ‘स्पष्ट करतात’ आणि कामगार नेते ‘आरोप करतात’, तेव्हा वार्ताहराने बाजू घेतलेली असते, त्याला ते जाणवो वा न जाणवो.

बाजू घेणे हा मुळात दोष नाही. तिची जागा वेगळी आहे. जुलै १८९७ मध्ये ‘केसरी’ने ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ असा अग्रलेख छापला. ब्रिटिश अधिकारी रँड याच्या खुनानंतर सरकारने पुण्यात धरलेल्या दडपशाहीच्या धोरणावर तो होता, आणि त्या शीर्षकातला प्रत्येक शब्द जाणूनबुजून तीक्ष्ण होता. अग्रलेख म्हणून ते योग्यच होते. वाचकाला आपण मत वाचतो आहोत, हे ठाऊक होते. बातमीच्या स्तंभात हीच धार वाचकाला न सांगता चालवली जाते, तेव्हा त्याची फसगत होते. म्हणून शीर्षकातला जो शब्द खालच्या मजकुरातल्या माहितीने सिद्ध होत नाही, तो उपसंपादकाने पान सोडण्यापूर्वी काढावा, मग शीर्षक फिके पडले तरी चालेल.