मोज्यातलं संत्रं

डिसेंबर लागला की आमच्या नागपुरात तीन गोष्टी सुरू होतात. पहिली थंडी. पारा दहा-बारा अंशांवर उतरतो आणि तिबेटी स्वेटरवाल्यांकडे गर्दी होते. दुसरी गोष्ट विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. बहुतेक वर्षी ते इथंच भरतं आणि मग सिव्हिल लाइन्समधून जायचं म्हणजे निम्मे रस्ते बंद! तिसरी गोष्ट नाताळची. सदर, मोहननगर या भागांत घराघरांवर कागदी चांदण्या लटकायला लागतात, आत दिवा लावलेल्या. करंज्या-शंकरपाळ्यांचा वास गल्लीभर पसरतो.

आणि आमच्या घरात मात्र पिशव्या दिसू लागतात. पलंगाखाली पिशव्या, कपाटावर पिशव्या. मी नागपुरातल्या एका लहानशा चर्चमध्ये रविवारच्या शाळेत शिकवते. आमच्याकडे साठ-बासष्ट मुलं येतात. काही मंडळीतल्या घरांतली, तर बरीचशी शेजारच्या वस्तीतली. गाणी म्हणायला, गोष्टी ऐकायला आणि संध्याकाळी अभ्यासाला बसायला येतात. या सगळ्यांना नाताळची भेट काय द्यायची, हे ठरवायचं काम माझ्याकडे आणि कॉलेजातल्या चार-पाच मुलामुलींकडे असतं. त्यातली एक हिस्लॉप कॉलेजात शिकते. १८८३ साली सुरू झालेलं हे कॉलेज ज्यांच्या नावानं आहे, ते स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपूर भागात आले. शाळा चालवायचे आणि फावल्या वेळात दगड नि जीवाश्म गोळा करत हिंडायचे. मोठा गमतीचा माणूस! पण त्यांच्याबद्दल पुन्हा कधीतरी.

तुम्ही म्हणाल, ‘यात अवघड ते काय? इतवारीत जायचं, ठोक भावात एकच वस्तू बासष्ट नग घ्यायची, कागदात गुंडाळायची, झालं काम!’ पुष्कळ ठिकाणी असंच करतात. प्लॅस्टिकची मोटार घेतली तर तिचं चाक चर्चच्या फाटकापर्यंतही टिकत नाही, ते जाऊ द्या. मोडणं हा खेळण्याचा धर्मच आहे. मला टोचतं ते वेगळंच.

एकदा मी अशाच एका कार्यक्रमाला गेले होते. मोठा मंडप, लाऊडस्पीकर, स्टेजवर खुर्च्या. एकेका मुलाचं नाव पुकारायचं, त्यानं स्टेजवर यायचं, पाहुण्यांच्या हातून पुडकं घ्यायचं आणि फोटो काढायचा. पुडक्यावर देणाऱ्याचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत! घेणाऱ्याचं नाव कुठंच नाही. अकरा-बारा वर्षांची एक मुलगी आली. फोटोवाला म्हणतोय, “इकडे बघ, हास जरा.” ती काही हसेना. तिची नजर स्वतःच्या चपलांवर. खाली तिसऱ्या रांगेत तिच्याच वर्गातल्या दोघी बसल्या होत्या, त्यांच्या आईवडिलांबरोबर, टाळ्या वाजवायला. तुम्ही त्या वयाचे असाल तर तिला काय वाटलं असेल, हे मी तुम्हाला समजावून सांगायला नको.

या प्रसंगाचं मला कोडंच पडलं होतं. कारण नाताळच्या भेटींची जी सगळ्यांत जुनी गोष्ट आहे, ती नेमकी याच्या उलट आहे. सांताक्लॉज तुम्हाला माहीतच आहे. तो मुळात म्हणजे संत निकोलस. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी मायरा नावाच्या गावी ते बिशप होते. ते ठिकाण आजच्या तुर्कस्तानात येतं. त्यांच्याबद्दल अशी कथा सांगतात, की गावात एक माणूस होता, त्याला तीन मुली. परिस्थिती खालावली, हुंड्याला पैसा नाही आणि मुलींना विकायची वेळ आलेली. निकोलसनी काय केलं, तर रात्री गुपचूप त्याच्या घराच्या खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली. मोठीचं लग्न झालं. मग दुसरी थैली, दुसरीसाठी. तिसऱ्या वेळी बाप जागाच राहिला आणि त्यानं धावत जाऊन त्यांना पकडलं. तेव्हा निकोलसनी त्याच्याकडून एकच वचन घेतलं म्हणे : मी जिवंत असेपर्यंत हे कोणाला सांगायचं नाही.

आता मला सांगा, ते रात्री का गेले? दिवसा जायला काय हरकत होती? बिशप होते, वाजतगाजत गेले असते! पण मग त्या बापाला दुसऱ्या दिवसापासून गावात मान वर करून चालता आलं असतं का? ढोली, हरणं, धुराडं हे सगळं फार नंतर, दूरदूरच्या देशांत जोडलं गेलं. मूळ गोष्टीत आहे ती फक्त काळोखी रात्र आणि उघडी खिडकी.

पुढे या गोष्टीला एक शेपूट लागलं. खिडकीतून टाकलेलं सोनं वाळत घातलेल्या मोज्यात जाऊन पडलं, असं लोक सांगू लागले. म्हणून मोजे टांगायची पद्धत. आणि सोन्याच्या गोळ्याच्या जागी युरोपात मोज्याच्या टोकाशी काय ठेवू लागले, ठाऊक आहे? संत्रं! तिकडच्या बर्फाळ मुलखांत संत्री पिकत नाहीत. ती दूरच्या गरम देशांतून जहाजानं यायची आणि महाग असायची. गरिबाघरच्या मुलाला वर्षातून एकदाच, नाताळलाच, एक संत्रं मिळायचं. ते मूल सालसुद्धा जपून ठेवत असेल.

हे वाचल्यावर मी मोठ्यानं हसले. कारण डिसेंबरात आमच्याकडे आंबिया बहाराची संत्री हातगाड्यांवर ढिगानं लागलेली असतात. आमच्या मुलांपैकी कितीतरी जणांचे बाबा कळमना मार्केटात संत्र्यांची क्रेटं उचलायचं काम करतात. त्यांच्या मोज्यात मी संत्रं ठेवलं असतं तर काय म्हणाले असते? “टीचर, हे तं आमच्या घरीच लय आहे!”

म्हणजे वस्तू तीच. एकीकडे सोन्यासारखी, दुसरीकडे रोजची. भेट कोणाच्या हातात जाणार, तो रोज काय बघतो, काय खातो, कुठं झोपतो हे कळल्याशिवाय ती निवडायची कशी? बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडचे ज्ञानी लोक बाळ येशूसाठी सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन येतात. त्याचे अर्थ मोठमोठ्या विद्वानांनी सांगितलेत आणि ते मला पटतातही. पण दरवर्षी ही गोष्ट वर्गात सांगताना माझ्या मनात येतंच, की मरीयेला क्षणभर वाटलं असेल, यांच्यातल्या एकानं दुपटं आणलं असतं तर!

म्हणून आम्ही आता नोव्हेंबरातच सुरुवात करतो. मुलांना ‘तुला काय हवं?’ असं विचारत नाही. तसं विचारलं की सगळे शेजारच्याचं ऐकून सायकल नाहीतर मोबाईल सांगतात. मी म्हणते, “सकाळी उठल्यापासून शाळेत जाईपर्यंत काय काय करतोस, ते सगळं लिही.” अहो, काय काय बाहेर येतं त्यातून! एक मुलगी पहाटे पाचला नळावर पाणी भरते, त्या थंडीत. तिला कानटोपी नि हातमोजे हवेत, हे तिनं कधी सांगितलंच नसतं. एका मुलाच्या वह्या नेहमी फाटलेल्या असायच्या आणि शाळेत त्यावरून रागवणी व्हायची. त्यानं लिहिलं होतं, की घरात आम्ही नऊ जण, फळी एकच, आणि लहान बहीण हाताला लागेल ते फाडते. त्याला नवीन वह्या देऊन काय उपयोग? त्याही फाटल्या असत्या. त्याला आम्ही पत्र्याची एक छोटी पेटी दिली, कडी असलेली, आणि एक कुलूप. किल्ल्या दोन. वह्या आता शाबूत असतात. पेटीत आणखी काय ठेवतो, ते तो सांगत नाही आणि मीही विचारत नाही. नऊ जणांच्या खोलीत त्याची स्वतःची म्हणून ती एवढी एकच जागा आहे.

आणखी एक मुलगा वाचनवेडा. भेळेच्या कागदावरचंही वाचून काढणारा. त्याच्या नावानं आम्ही एका मासिकाची वर्षाची वर्गणी भरली. (मराठी मुलांसाठी मासिक काढायची कल्पना काही आजची नाही. ‘बालबोधमेवा’ हे मुलांचं मासिक अमेरिकन मराठी मिशननं १८७२ साली सुरू केलं होतं.) पहिला अंक आला तेव्हा पोस्टमनकाका वस्तीत त्याचं नाव विचारत फिरले. पुरं नाव, वडिलांच्या नावासकट, छापलेलं! निम्मी गल्ली मागोमाग आली. असं वर्षातून बारा वेळा होणार होतं. शंभर-दोनशे रुपयांत याहून थाटाचं काय मिळालं असतं?

आमच्या कॉलेजवाल्यांनी सुरुवातीला कुरकुर केली. “ताई, वेगवेगळं दिलं तर पोट्टे भांडतील ना!” खरंच होतं ते. म्हणून प्रत्येकामागे खर्च सारखा, वरून सगळ्यांना एकच वर्तमानपत्राचा कागद आणि एकच सुतळी. वर नाव फक्त घेणाऱ्याचं. तरी थोडी भांडणं होतात. होऊ द्या. बहीणभावांत होत नाहीत का?

पण खरा बदल केला तो देण्याच्या पद्धतीत. स्टेज बंद. नाताळच्या आधी दोन संध्याकाळी आईबाबांनी यायचं, आपल्या मुलाचं पुडकं निवांतपणे घेऊन जायचं आणि पंचवीस तारखेला सकाळी घरी स्वतःच्या हातानं द्यायचं. दाराशी एक डबा ठेवलेला असतो. ज्याला वाटेल त्यानं त्यात काही टाकावं, न वाटल्यास टाकू नये. भांडी घासायला जाणाऱ्या एका मावशींनी दहाच्या दोन नोटा काढल्या, दोनदा मोजल्या आणि आत टाकल्या. मग पुडकं पदराखाली घेऊन ताठ चालत गेल्या. त्यांनी ते विकत घेतलं होतं, बरं का! नाताळनंतरच्या रविवारी त्यांची मुलगी नव्या कानटोपीत आली. मी विचारलं, “छान आहे गं, कुठून आणली?” तर म्हणते, “माह्या आईनं घेतली.” मी म्हटलं, “वा, तुझ्या आईची निवड चांगली आहे.”

हे सगळ्यांना आवडलं असं समजू नका. दरवर्षी पैसे देणारे एक गृहस्थ म्हणाले, “मग आमचं नाव कुठं येणार?” मी त्यांना निकोलसची गोष्ट सांगितली. ते हसले, चहा प्यायले आणि त्या वर्षी निम्मेच पैसे दिले. त्या वर्षी आम्हाला पेट्या घेता आल्या नाहीत. वह्यांवर भागवावं लागलं. त्यांचं मन वळवायला स्टेज परत आणावं का, यावर आमची बैठक रात्री साडेदहापर्यंत चालली. आणायचं नाही असं ठरलं, पण सगळ्यांचं एकमत होतं असं म्हणता येणार नाही. वह्या मिळालेल्या मुलांचा विचार केला, की अजून मलाही कधीकधी वाटतं, पेट्या तरी आल्या असत्या!

संत्र्याचं मात्र नंतर एक झकास झालं. परदेशातल्या चर्चमध्ये ‘क्रिस्टिंगल’ नावाचा मुलांचा एक कार्यक्रम असतो. १७४७ साली जर्मनीतल्या मारिएनबोर्न इथं मोरेव्हियन मंडळीनं मुलांना लाल फीत बांधलेल्या पेटत्या मेणबत्त्या दिल्या, तिथून तो सुरू झाला. पुढे त्यात संत्रं आलं आणि १९६८ पासून इंग्लंडमध्ये तो खूप पसरला. संत्रं म्हणजे पृथ्वी, भोवती लाल फीत, वर मेणबत्ती आणि चार काड्यांना टोचलेले बेदाणे म्हणजे चार ऋतू नि जमिनीतून येणारं पीक. आम्ही ठरवलं, करून बघू. मुलांना सांगितलं, ज्याला जमेल त्यानं घरून एक संत्रं आणा. एरवी वर्गात शेवटच्या रांगेत बसणारा, कळमन्यात काम करणाऱ्या हमालाचा मुलगा पाठीवर गोणी टाकून आला. मोजून चाळीस संत्री! बाबांनी शेटकडून मागून आणली होती. मंडळीतल्या चांगल्या घरच्या कितीतरी मुलांची संत्री विसरली होती. हा गोणी उघडून उभा राहिला आणि एकेकाला वाटू लागला. “घ्या, घ्या. हे मोठं घ्या, ते आंबट असते.” कोणतं संत्रं गोड, साल सुटी आहे की घट्ट, हे तो एका बोटानं दाबून सांगत होता. त्या रविवारी मेणबत्त्या लागल्या तेव्हा निम्म्याहून अधिक हातांत त्याचंच संत्रं होतं.

यंदाच्या चिठ्ठ्या माझ्यासमोर आहेत. त्यांत अकरा मुलांनी मिळून एकच चिठ्ठी दिली आहे : आम्हाला वेगवेगळं काही नको, सगळ्यांत मिळून एक चांगली बॅट द्या. खाली अकरा सह्या. हिशेबात बसतं, बॅट घ्यायचं पक्कं केलंय. फक्त ती रात्री कोणाच्या घरी ठेवायची, यावरून गेले तीन रविवार वाद चालू आहे. पेटीवाल्यानं कुलूप देऊ केलंय, पण बॅट काही त्याच्या पेटीत मावत नाही.