पत्रपेटीवर नाव लावलंत का?

श्टुटगार्टला जाणार असाल तर आधी जिने चढायची तयारी ठेवा. जर्मनीतलं हे शहर चहूबाजूंनी टेकड्या असलेल्या एका वाडग्यात वसलंय. उतारांवर द्राक्षमळे आहेत, तेही शहराच्या हद्दीतच! मळ्यांत जाण्यासाठी बांधलेले जुने दगडी जिने आजही लोक रोज वापरतात. असे ४०० हून जास्त जिने इथे आहेत. स्थानिक लोक त्यांना 'श्टेफेले' म्हणतात. मर्सिडीज आणि पोर्श या कंपन्यांची मुख्यालयंही इथलीच. आणि हो, १९६८ पासून हे शहर मुंबईचं भगिनी-शहर आहे.

माझा चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, तिथे इंजिनिअर आहे. त्याच्याकडे आठवडाभर राहिले, तेव्हा कळलं की जिन्यांपेक्षा मोठी चढण कागदांची असते.

तुम्हाला वाटेल, व्हिसा मिळाला की झालं! पण मुंबईत मिळतो तो फक्त आत जाण्याचा व्हिसा, ठरावीक मुदतीचा. त्यासाठी नोकरीचा करार आणि सहसा जर्मनीत मान्य असलेली पदवी लागते. ब्लू कार्ड हवं असेल तर पगारही ठरलेल्या रकमेपेक्षा कमी चालत नाही. ही रक्कम दरवर्षी बदलते, म्हणून अर्ज करताना ताजा आकडा बघा.

तिथे पोहोचल्यावर दुसरा टप्पा. घर मिळालं की १४ दिवसांत पालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवायचा. याला 'आनमेल्डुंग' म्हणतात. त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं, नुसता भाडेकरार पुरत नाही. त्यानंतर परदेशी नागरिकांच्या कार्यालयात अर्ज करायचा. मग मिळतं खरं निवास-परवान्याचं कार्ड, ज्याच्या जोरावर तुम्ही पुढेही काम करू शकता.

दादाने पत्ता वेळेत नोंदवला. पण पत्रपेटीवर आधीच्या भाडेकरूचंच नाव राहिलं होतं. "लावू की नंतर," असं म्हणत त्याने ते तसंच ठेवलं. जर्मनीत इमारतीतला फ्लॅट सहसा नंबरावर नाही, नावावर ओळखतात. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं. कर-क्रमांकाचं पत्र आलं नाही, तरी दादा निवांत. त्याच्या डोक्यात आपली म्हण होती, 'सरकारी काम अन् सहा महिने थांब!'

व्हिसा संपायला तीन आठवडे उरले, तेव्हा कंपनीतून फोन आला. "परवाना कुठवर आलाय?" परवाना नसेल तर काम बंद, हे त्यालाही ठाऊक होतं. इकडे काकूने काळजीने रोज दोनदा फोन करायला सुरुवात केली. शेवटी तळमजल्यावरच्या आजींनी पेटीकडे बोट दाखवून विचारलं, "तुझं नाव कुठे आहे?" भेटीच्या तारखेचं पत्र येऊन परतही गेलं होतं.

त्याने त्याच संध्याकाळी नाव चिकटवलं आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयाला सगळं लिहून कळवलं. मुदत संपण्याआधी अर्ज पोहोचलेला होता, त्यामुळे वाचला. अशा वेळी एक तात्पुरता दाखला मिळतो. त्याचं नाव 'फिक्टिओन्सबेशाइनिगुंग'. निर्णय येईपर्यंत आधीचा हक्क चालू राहतो, असं त्यावर लिहिलेलं असतं. तो हातात आला, तेव्हा दादाने त्याचा फोटो सगळ्यात आधी काकूला पाठवला.

तुमच्या घरातलं कोणी निघालं असेल, तर तीन गोष्टी सांगून ठेवा. मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी अर्ज करा. पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत जवळ ठेवा. आणि नव्या घराची किल्ली हातात पडली की पहिल्याच दिवशी पेटीवर आणि बेलवर नाव लावा.

दादाच्या दाराशी मी ती पेटी पाहिली. चिकटपट्टीखाली मार्करने लिहिलेलं आमचं आडनाव जरासं तिरकं आहे, पण पत्रं आता येतात.