भिंतींचा श्वास

जुनी वास्तू वार्धक्यापेक्षा कुलपानेच अधिक लवकर खचते. आमच्या गोमंतकाच्या किनाऱ्यावर हे पदोपदी दिसते. वाटेकरी अनेक, राहणारा एकही नाही. कौल सरकले तरी पावसाळ्यापूर्वी ते सारखे करणारे कोणी नसते.

आमच्या पेडणे तालुक्यातील वडिलोपार्जित घराचीही तीच गत होऊ लागली, तेव्हा पुतण्यांनी ते पाडून सिमेंटचे अतिथिगृह उभारण्याचे ठरविले. आमचा विरोध पाडण्यास होता, अतिथींस नव्हे. वास्तू वापरात राहिली तरच टिकते, हे आम्हांस तेरेखोलने शिकविले. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांकडे गेला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकविला. पुढे तेथे अतिथिगृह झाले, तरी प्रांगणातील सेंट अँथनीचे चर्च जागचे हलले नाही. उपयोग बदलला, वास्तूची ओळख पुसली गेली नाही.

खरा वाद चुन्यावरून झाला. पुतण्यांना सिमेंटचा गिलावा झटपट व्हावयास हवा होता. परंतु आपला चिरा सच्छिद्र. तो जमिनीतील ओल शोषून घेतो. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल बाहेर पडते, सिमेंटखाली मात्र कोंडते. मग क्षारांचे स्फटिक धरून चिरा आतून भुगा होऊ लागतो. काँक्रीटमधील लोखंडही खाऱ्या हवेने गंजून फुगते व काँक्रीटला तडे पाडते. चुना सावकाश घट्ट होतो, हे खरे. पण घट्ट होताना तो हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू पुन्हा शोषून घेतो. भिंती जाड, छप्पर उंच व कौलारू. त्यामुळे उन्हाळ्यातही वातानुकूलनाची गरज थोडीच भासते.

शेवटी असे ठरले: न्हाणीघरे जुन्या गोठ्यात करावयाची, म्हणजे पाण्याचे नळ चिऱ्याच्या भिंतींत शिरणार नाहीत. पाणी सूर्याच्या उष्णतेने तापवावयाचे. छपरावरील पाणी गाळून विहिरीत सोडावयाचे. खिडक्यांतील शिंपल्यांची तावदाने काढावयाची नाहीत. त्यांतून येणारा प्रकाश काचेपेक्षा सौम्य असतो.

वहिनींचा प्रश्न मात्र चुन्याने सुटणारा नव्हता. “भाड्याच्या पाहुण्यांसमोर चवथीची माटोळी बांधायची का?” असे त्यांनी विचारले आणि सारे गप्प झाले. धाकट्या पुतण्याने उत्पन्नाचा हिशेब मांडून पाहिला. अखेर त्यानेच वही मिटली. चवथीच्या दिवसांत घर केवळ घरच्यांचे राहील, देवघर कधीही भाड्याने दिले जाणार नाही, आणि ओटीवर शेजाऱ्यांचा राबता पूर्वीसारखाच चालेल, असे त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिले.

इंदूर, बडोदे येथील आमच्या वाचकांपैकी अनेकांचे वाडे आज याच उंबरठ्यावर उभे असतील. त्यांस आमची एवढीच विनंती, की कंत्राटदारास बोलावण्यापूर्वी जुन्या गवंड्यास बोलवावे आणि घरातील वडीलधाऱ्या बायकांस विचारावे. आमच्या घरी गिलाव्याचे काम अद्याप चालू आहे. वहिनी रोज सायंकाळी भिंतीवर हात ठेवून ओल पाहतात.