चेंगाइलची वाट

प्रवासवर्णनांच्या पुस्तकांत चेंगाइल हे नाव सहसा आढळत नाही. दूरदूरच्या यात्रेकरूंनी यावे असे देऊळ तेथे नाही, किल्ला नाही, की हवा खाण्याजोगा डोंगर नाही. हावड्याहून खरगपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, हुगळी नदीच्या पश्चिम तीराला, बाउडिया आणि फुलेश्वर यांच्या मध्ये हे एक लहानसे स्थानक आहे. लोकलगाडी तेथे क्षणभर थांबते आणि उलुबेडियाकडे निघून जाते. तरीही हे नाव गेली काही वर्षे माझ्या मनात घर करून होते, आणि त्याचे कारण माझ्या व्यवसायात आहे.

भाषांतरकाराच्या टेबलावर नाना विषयांचे कागद येतात. मजकूर छापखान्यात गेला की त्यांतील बहुतेकांचा विसर पडतो. स्थूलतेवरील एका लेखाचे काम करताना मात्र एका जुन्या आलेखाचा उल्लेख आला आणि मी थबकलो. आडव्या रेषेवर माणसांचे व्यवसाय मांडले होते : बाजारातील दुकानदार, मुकादम, कारकून, विणकर, हातगाडीवाले, राखवाले, कोळसेवाले, लोहार. उभ्या रेषेवर त्यांचा आहार आणि त्यांचे वजन. आहारशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सातासमुद्रांपलीकडे शिकविला जाणारा तो आलेख चेंगाइलच्या तागाच्या गिरणीतील माणसांचा होता. 1956 साली हार्वर्ड विद्यापीठातील आहारशास्त्रज्ञ ज्याँ मेयर यांनी रॉय आणि मित्र या सहकाऱ्यांसह तो प्रसिद्ध केला. ते गाव एकदा पाहावे असे तेव्हापासून वाटत होते.

गेल्या हिवाळ्यात योग आला. माझे मामा सांत्रागाछीला राहतात. नागपूरकडची मराठी माणसे हुगळीच्या काठी कशी, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर बंगाल-नागपूर रेल्वे या जुन्या नावातच आहे. त्या रेल्वेचे मुख्य कार्यालय कोलकात्याच्या गार्डन रीच भागात होते. आजोबा तिच्या नोकरीत इकडे आले, पुढे त्याच मार्गावरच्या दक्षिण-पूर्व रेल्वेत मामा कारकून झाले आणि निवृत्तही झाले. आता मामांचे वय चौऱ्याहत्तर. मधुमेह आहे, गुडघे दुखतात, आणि पोट इतके पुढे आले आहे की चपलेचा अंगठा पाहायचा तर भिंतीचा आधार घ्यावा लागतो. माझेही फारसे बरे चाललेले नाही. पस्तिशीतच कंबरेचा पट्टा दोनदा बदलला आहे. निघण्यापूर्वी मामींचा फोन आला. "तू येतोच आहेस तर त्यांना कुठे तरी चालव बाबा. डॉक्टरांनी या वेळी आवाज चढवून सांगितलं. माझं काही ते ऐकत नाहीत."

तेव्हा चेंगाइल हे निमित्त झाले. एका सकाळी आम्ही दोघे निघालो.

तिसऱ्या मजल्यावरून खाली उद्वाहनाने, आणि फाटकापासून स्थानकापर्यंत टोटोने. बंगालमध्ये बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षाला टोटो म्हणतात. आवाज नाही, धूर नाही, भाडेही किरकोळ. आणि हात वर केला की हजर. पूर्वी ज्या अंतराला मनुष्य वाहनाचा विचारसुद्धा करीत नसे, ते अंतरही आता टोटोचे झाले आहे. मामा माझ्याकडे पाहून म्हणाले, "चालायचं ते तुझ्या त्या गावात चालू. इथे कशाला?"

गाडीत बसायला जागा मिळाली. मौडीग्राम, आंदुल, सांक्राइल अशी स्थानके मागे पडत गेली. मधूनच भाताची कापलेली शेते, केळीची बने आणि हिरव्या पाण्याची पुष्करिणी दिसत. बाउडिया आले तेव्हा मामांनी खिडकीतून बोट दाखविले. हिंदुस्थानातील पहिल्या सूतगिरणीचे हे गाव. फोर्ट ग्लॉस्टर नावाच्या ठिकाणी एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ती उभी राहिली. तागाची पहिली गिरणी 1855 साली रिश्र्याला निघाली, आणि पुढे हुगळीचे दोन्ही तीर धुराड्यांनी भरून गेले. चेंगाइलची लडलो गिरणी मात्र अमेरिकन भांडवलाची. मॅसॅच्युसेट्स राज्यातील लडलो गावाच्या कंपनीने ती उभारली. मेयर यांचे पाऊल इकडे वळण्यास या नात्याचा उपयोग झाला असावा, असा माझा तर्क आहे.

चेंगाइलला उतरल्यावर मामांनी पुन्हा टोटोला हात केला. मी काही बोललो नाही.

नदीकाठच्या बाजूला गिरणीची लांबच लांब भिंत लागते. आत जाण्याची परवानगी मी मागितली नव्हती. मला पाहायची होती ती बाहेरची वाट. फाटकासमोरच्या बाजारात चहाच्या दुकानातील बाकावर आम्ही बसलो. कोणी सायकलीवरून येत होते, कोणी पायी, बरेचसे टोटोने. समोर एक दुकानदार गादीवर मांडी घालून बसला होता. तेल, साबण, डाळ, जे मागाल ते हात लांबवून देत होता. अर्ध्या तासात तो एकदाही उठला नाही. मेयर यांच्या आलेखाच्या डाव्या टोकाला असाच दुकानदार बसला आहे, हे मी मामांना सांगितले.

"आणि उजव्या टोकाला?" त्यांनी विचारले.

उजव्या टोकाला ओझी वाहणारे. त्या अभ्यासात 213 पुरुष होते. हलक्या कामापासून अतिकष्टाच्या कामापर्यंत पाहत गेले, तर काम वाढे तसा आहार वाढे आणि वजन जवळजवळ तेवढेच राही. यात नवल नाही. कष्टकऱ्याला भूक लागते हे कोणालाही ठाऊक आहे. नवल होते ते डाव्या टोकाला. काम कमी झाले म्हणजे भूकही त्या मानाने कमी व्हावी. पण दिवसभर बसून असणाऱ्या माणसांचा आहार हलके काम करणाऱ्यांपेक्षा कमी नव्हता, उलट अधिक होता, आणि त्यांचे वजन सर्वांत अधिक भरले. दोन वर्षे आधी मेयर यांनी उंदरांवर प्रयोग केले होते. रोज थोडा वेळ पळविलेले उंदीर मुळीच न पळविलेल्या उंदरांपेक्षा किंचित कमीच खात, हे तेव्हा आढळले होते. शरीराला हालचालीची एक किमान मर्यादा असावी आणि तिच्या खाली गेले की भुकेचा काटा बिघडत असावा, असा त्यातून अर्थ निघाला.

मामा चहाचा पेला हातात धरून ऐकत होते. त्या कारकुनांमध्ये दूरच्या गावांतून रोज कित्येक मैल चालत कामावर येणारेही होते, आणि टेबलाचे काम तेच असूनही त्यांची गणना बैठ्या लोकांत झाली नव्हती, असे मी सांगताच ते एकदम बोलू लागले.

"अरे, मग मी तो कारकून! आमच्या वेळी हा दुसरा पूल कुठे होता? घाटावर यायचं, नावेनं पलीकडे उतरायचं आणि तिथून कचेरीपर्यंत पायी. संध्याकाळी तीच वाट उलटी. तुझ्या आजोबांनी तर नावेचे पैसे वाचवायला काय काय केलं असेल ते वेगळंच. पूल झाला आणि घराजवळून बस मिळू लागली."

विद्यासागर सेतू 1992 साली वाहतुकीस खुला झाला. मामा तेव्हा चाळिशीत होते. त्यांचे वजन त्यानंतरच्या दहा वर्षांत वाढले, असे मामी नंतर म्हणाल्या. त्यांची खुर्ची तीच, डबाही तोच. दिवसातून दोनदा होणारे चालणे तेवढे गेले. ते त्यांनी आळसाने सोडले नव्हते. पूल आला, बस आली, आणि चालण्याचे कारणच उरले नाही. आपल्याकडे लठ्ठ माणसाला आळशी म्हणून हिणवण्याची जी रीत आहे, ती मला यासाठी अन्यायाची वाटते.

हिशोबही सोपा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे बैठे काम करणाऱ्या 65 किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला 2110 उष्मांक लागतात, मध्यम कष्टाच्या माणसाला 2710, आणि जड कामाच्या माणसाला 3470. म्हणजे शेतातून वा गिरणीतून उठून टेबलाशी बसणाऱ्याने ताटातून सहाशे ते सुमारे साडेतेराशे उष्मांक वगळले पाहिजेत. वगळतो कोण? ताट वाढणारा हात आईकडून शिकलेला असतो, आणि तिने ते माप शेतावरून येणाऱ्यांसाठी ठरविलेले असते.

परंतु एका आलेखावर सारे सोपवणे बरे नव्हे. लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी 1953 साली दाखविले, की दुमजली बसचे जिने दिवसभर चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो. पुढे त्यांच्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा तरुण ड्रायव्हरांच्या विजारीही कंबरेला अधिक रुंद निघाल्या. म्हणजे थोडा फरक कामावर लागण्यापूर्वीचाच असला पाहिजे. टांझानियातील हादझा या शिकारी जमातीचे स्त्रीपुरुष दिवसभर रानात हिंडतात. 2012 साली त्यांचा दिवसाचा उष्मांकव्यय मोजला, तेव्हा शरीराच्या आकारमानाने पाहता तो शहरी पाश्चात्त्यांच्या व्ययाइतकाच भरला. शरीर एकीकडे खर्च वाढला की दुसरीकडे काटकसर करते, असे त्यावरून काही शास्त्रज्ञ मानतात, आणि दोषाचा मोठा वाटा ते अन्नाकडे देतात. तासभर चालून जे खर्ची पडते, ते स्थानकाबाहेरच्या दोन कचोऱ्या सहज भरून काढतात, हे तर खरेच. चालण्याने हृदय, रक्तातील साखर आणि झोप सुधारते यात वाद नाही. त्याने वजन किती उतरेल, याचे वचन मात्र देऊ नये.

देशाचे आकडेही याच काळात बदलले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2005-06 साली शंभरांत सुमारे 13 स्त्रिया आणि 9 पुरुष प्रमाणाबाहेर वजनाचे होते; 2019-21 च्या पाहणीत स्त्रिया 24 आणि पुरुष 23 झाले. शहरातील स्त्रियांत तर दर तिघींमध्ये एक. आपल्या शरीराची ठेवण पाहता काट्यावरचा आकडाही फसवा असतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांनी 2004 साली स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली होती. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा 22.3, पण शरीरातील मेद युडकिन यांचा 9.1 टक्के आणि याज्ञिकांचा 21.2 टक्के. अंगाने सडपातळ दिसणाऱ्या आपल्या पुष्कळ बांधवांना मधुमेह का होतो, याचा हा एक दुवा.

आणखी एक गोष्ट बाकावर बसल्या बसल्या मनात आली. कोळसेवाल्यांची सडपातळ अंगकाठी आलेखावर सुरेख दिसते. पण डोक्यावर कोळसा वाहण्याचे ते आयुष्य कोणी कोणासाठी मागावे असे नाही. जाते, पाटा-वरवंटा आणि विहिरीचा दोर यांच्या आठवणी काढून स्त्रियांना उपदेश करणारे लेख मी पुष्कळ भाषांतरित केले आहेत. ते लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांनी दळले होते, कोण जाणे. आदल्या रात्री मामींना मी असेच काही सुचवू लागलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "सकाळी पाचपासून मी उभीच आहे. तरी माझंही वजन वाढलंच ना? मला घराबाहेर अर्धा तास एकटीनं मोकळं चालायला मिळालं तर सांग." 2022 सालच्या परिस्थितीविषयीच्या एका जागतिक अंदाजात पुरेशी हालचाल नसलेल्या भारतीय पुरुषांचे प्रमाण शंभरांत 42 आणि स्त्रियांचे 57 निघाले. मामींच्या बोलण्यात त्याचे अर्धे उत्तर आहे.

उन्हे वर आली होती. मी टोटो पाहू लागलो, तो मामाच म्हणाले, "थांब. तुझ्या त्या कारकुनांची वाट कुठली?"

कोणती वाट ते मला तरी कोठे ठाऊक! आम्ही स्थानकाकडे पायी निघालो. रस्ता अरुंद, पायवाट म्हणून वेगळी सोडलेली नव्हती, आणि दर मिनिटाला मागून भोंगा वाजला की कडेच्या चिखलात उतरावे लागे. ही वाट चालणाऱ्यासाठी उरलेली नाही, हे त्या दहा पावलांतच कळले. मामा तीनदा बसले. एकदा मोरीच्या कठड्यावर, एकदा सायकल दुरुस्तीच्या दुकानात, आणि एकदा कोणाच्या तरी ओटीवर, जेथील म्हातारीने न विचारता पाणी आणून दिले. तिच्याशी ते अस्खलित बंगालीत बोलले. तिचाही नवरा नावेने कामावर जाई, एवढे मला समजले. जे अंतर येताना टोटोने पाच-सात मिनिटांत काटले होते, त्याला पाऊण तास लागला. गाडी डोळ्यांदेखत निघून गेली.

फलाटावर बसून मामांनी चपला काढल्या. "मामीला फोन कर. जेवायला उशीर होईल म्हणावं. आणि चालत आलो ते सांगू नकोस, मी सांगीन."

सांत्रागाछीला उतरलो तेव्हा टोटोवाल्याने ओळखीने हाक दिली. मी मामांकडे पाहिले. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला, रस्त्याकडे पाहिले आणि म्हणाले, "आजच्यापुरतं पुरे रे." आम्ही टोटोत बसलो. वाटेत त्यांनी त्या टोटोवाल्यालाच विचारले, की आपल्या फाटकापासून झिलीपर्यंत पायी जायचे तर किती वेळ लागतो.