रोजचा अर्धा तास आणि आईंचं नाक

'संगणकावर शिल्प घडवते' असं सांगितलं की समोरच्या मैत्रिणीच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो मला आता पाठ झाला आहे. एक तर ती म्हणते, "बाई गं, आपल्याला कुठलं जमायला ते!" नाही तर विचारते, "यात मिळतं किती?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाकते. अजून एक पैसाही मिळालेला नाही. पहिल्याचं उत्तर द्यायला मात्र हा लेख.

मी सकाळी तीन तास एका शाळेत मराठी शिकवते. बी. ए. झाले तेही मराठी घेऊनच. कलेशी संबंध म्हणाल, तर दिवाळीतली रांगोळी. गेल्या वर्षी पावसाळ्यात ॲनिमेशन शिकणारा माझा भाचा चार दिवस राहायला आला होता. जाताना त्याने घरातल्या जुन्या लॅपटॉपवर 'ब्लेंडर' नावाचा प्रोग्रॅम घालून दिला. हा चक्क फुकट मिळतो, बरं का! मूळचा तो हॉलंडमधला. २००२ साली वापरणाऱ्यांनीच सात आठवड्यांत एक लाख युरो गोळा करून तो सर्वांसाठी मोकळा करून घेतला. आपल्याकडे वर्गणी काढून वाचनालय उभं करतात, त्यातलाच प्रकार म्हणा ना.

त्यात शिल्पाचा पर्याय निवडला की पडद्यावर एक करडा गोळा येतो. निरनिराळे 'ब्रश' असतात. एकाने गोळा ओढायचा, एकाने मातीच्या पट्ट्या थापल्यासारखं भरायचं, एकाने चीर पाडायची. कंट्रोलचं बटण दाबून धरलं की भर घालण्याऐवजी खोदलं जातं, शिफ्ट दाबलं की गुळगुळीत होतं. बस्स, सुरुवातीला एवढं पुरतं. फार ओढाओढ केली की पृष्ठभाग एखाद्या ठिकाणी विरळ होतो. तेव्हा 'रीमेश' करायचं. ताणलेली कणीक परत एकजीव करावी तसं. मात्र बारकाईचा आकडा जपून ठेवा. फार बारीक केलं की जुना लॅपटॉप तव्यासारखा तापतो आणि मध्येच मान टाकतो.

माउसने काम होतं, पण पुढे मी एक साधी पेनची पाटी घेतली. पेनावर दाब जास्त दिला की भर जास्त पडते. रांगोळीची चिमूट ज्या हाताला कळते, त्याला हे शिकवावं लागत नाही.

आता वेळेचं. दुपारी अडीच ते तीन. मुलं शाळेतून यायच्या आत. "रविवारी सलग चार तास बस की," असं आमच्या ह्यांनी सुचवलं होतं. तसं दोन रविवार करूनही पाहिलं. पण आठवडाभरात हात थंड होतो, पहिला तास कालचं आठवण्यातच जातो. शिवाय रविवारी आपल्याला चार तास कोण देतंय? त्यापेक्षा रोजचा अर्धा तास बरा. माझा नियम एकच, रोज नवा गोळा घ्यायचा. कालचंच घासत बसायचं नाही. तीन वाजले की तारीख घालून ठेवून द्यायचं, मग ते कसंही झालेलं असो. एक महिना मी फक्त कान केले. पहिल्या आठवड्यातले कान करंजीसारखे होते. महिनाअखेर तेच कान, पाळीच्या आतली वळकटी आणि मधला खळगा धरून, कान वाटू लागले. पुढचा महिना नाकांचा. मग डोळे.

डोळ्यांनी फार छळलं. आपण डोळा म्हणजे बदामाचा आकार धरून चालतो. खरं तर आत पुरता गोल चेंडू असतो आणि पापण्या त्याच्यावरून पांघरुणासारख्या येतात. त्या पापणीला जाडीही असते. हे मला कळलं ते अलिबाग तालुक्यातल्या सासवण्याला. शिल्पकार विनायक करमरकरांचं हे जन्मगाव. त्यांच्या घरीच त्यांचं शिल्पालय आहे. सहलीला कधी त्या बाजूला गेलात तर चुकवू नका. आणि गेलात तर एकाच पुतळ्यापुढे दहा मिनिटं उभ्या राहा, बाजूने पाहा. फोटोत कळत नाही ते बाजूने कळतं.

काही मापं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर येतात. नवखा हात ते नेहमी वर चढवतो, कारण कपाळ आणि केसांचा भाग आपण हिशेबातच धरत नाही. समोरून डोक्याची रुंदी पाच डोळ्यांएवढी. कान भुवईपासून नाकाच्या टोकापर्यंत. आणि सुरकुत्या सगळ्यात शेवटी! कवटी, जबडा, गालाचं हाड बसल्याशिवाय सुरकुत्या काढणं म्हणजे भिंतीला गिलावा नसताना रंग देणं.

हे सगळं चाललं असताना आमच्या सासूबाई समोर बसून मेथी निवडायच्या. सुरुवातीला त्यांना हे पसंत नव्हतं. "दुपारी पाठ टेकावी, तर ही खेळ घेऊन बसते," असं शेजारच्या काकूंना सांगताना मी ऐकलं आहे. मी काही बोलले नाही, अर्धा तासही सोडला नाही. त्याच दुपारी त्यांनी पडद्याकडे वाकून विचारलं, "कुणाचा कान गं हा?"

मग या श्रावणात त्यांच्या दातांचं निघालं. उरलेले सगळे काढून कवळी बसवायची, दिवाळीनंतर. दात गेले की ओठ आत जातात, गालांची ठेवण बदलते, नाक नि हनुवटी जवळ आल्यासारखी दिसतात. लग्न होऊन आल्यापासून जो चेहरा रोज सकाळी चहा घेताना पाहत आले, तो आता राहणार नव्हता. फोटो आहेत की, असं तुम्ही म्हणाल. आहेत, पण सगळे लग्नकार्यातले, समोरून आणि श्वास रोखून काढलेले. मी त्यांना म्हटलं, "आई, तुमचा चेहरा करू का?" त्या म्हणाल्या, "कर बापडे, पण मेथी निवडेपर्यंतच हं."

सात दुपारी गेल्या तरी तो चेहरा त्यांचा होईना. सगळं मापात होतं, पण कुणीतरी लांबची नातेवाईक वाटावी तसं. शेवटी त्याच चष्मा लावून आल्या. "माझं नाक इतकं सरळ कुठाय? लहानपणी विहिरीच्या काठावर आपटले होते. डावीकडे वाकडंय ते."

यात एक मेख आहे. हा प्रोग्रॅम मुळातच आरसा लावून ठेवतो. उजवीकडे केलं ते आपोआप डावीकडे होतं. सुरुवातीला त्याने काम निम्मं होतं, पण खरा चेहरा कुणाचाच दोन्हीकडे सारखा नसतो. मी तो आरसा बंद केला. नाक वळवलं. डावी भुवई थोडी उतरवली. त्यांचे कान तर मापात मुळीच बसत नाहीत. वयाने आणि चाळीस वर्षांच्या जड कुड्यांनी पाळ्या ओघळून नाकाच्याही खाली आल्या आहेत, उजवी जास्त. तेवढं केलं आणि पडद्यावर आई दिसायला लागल्या. हे संध्याकाळी घरी आले, चहाचा कप हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. "यातून मिळणार काय?" हा प्रश्न त्यांनी त्यानंतर विचारलेला नाही.

दात कार्तिकात काढले. आठवडाभर पेज आणि मऊ भात. आईंनी आरशात पाहणं सोडलं होतं, पदराने तोंड झाकून बोलायच्या. गेल्या मंगळवारी अडीच वाजता मी लॅपटॉप उघडला, तर आपणहून समोर येऊन बसल्या. मेथी नव्हती, काहीच नव्हतं. पदर खाली घेतला.

"ते जुनं तोंड ठेव जपून," म्हणाल्या, "पण हेही कर. कवळी बसायला अजून दीड महिना आहे."

मी नवा गोळा घेतला आहे. सध्या जबड्यावर काम चाललं आहे.