एका टिंबाची वंशावळ

आमच्या घरी वंशावळ होती ती आबांच्या तोंडी. आबा गेले आणि तीही गेली. 2023 साली मराठवाड्यातील निजामकालीन कागदांतल्या कुणबी नोंदी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि आमच्या अहमदपूर तालुक्यात घरोघर पूर्वजांची नावे आठवणे सुरू झाले. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. साहजिकच पेन माझ्या हाती आले.

आबांच्या वडिलांचे नाव नाना, एवढे मला पाठ होते. पण 1356 फसलीच्या, म्हणजे 590 मिळवले की 1946-47 सालच्या, उर्दू कागदाचे मराठी करून आणले तर त्यात 'बाबा' निघाले! दादा म्हणाले, "मग बाबाच लिही की. कागदाला कागद जुळला म्हंजे झालं."

कागद म्हणजे देववाणी नव्हे, हे मला ठाऊक होते. शाळेच्या दाखल्यावर दादांचा जन्म 1 जूनचा आणि चुलत्यांचाही 1 जूनचाच! पण गावात बाबा नावाचा एक माणूस दुसऱ्या भावकीत होऊन गेला होता. त्याचा कागद आपला म्हणायचा आणि प्रतिज्ञापत्रावर सही ठोकायची, हे मनाला पटेना.

उर्दू जाणणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडे मूळ कागदाची नक्कल नेली. त्यांनी दोन्ही नावे लिहून दाखवली. अक्षरांची ठेवण तीच. टिंबे वर दिली तर नाना, खाली दिली तर बाबा. घाईच्या लिखाणात टिंबे गळतात. आमच्या कागदावर ती कुठेच नव्हती.

मग सर्व्हे नंबर धरून पणजोबा वारल्यानंतरचा, 1963 सालचा फेरफार काढला. नंबर तोच, नाव नाना. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतरचा फेरफार असल्याने वारसांत आबा, त्यांचे भाऊ आणि शेवटी एक मुलगीही होती. तिच्या नावापुढे लिहिले होते, 'हक्क सोडला'. ती आमची आत्याआजी. मी तयार केलेल्या वंशावळीत ती नव्हतीच.

खात्री करावी म्हणून तिच्या गावी गेलो. ऐंशी ओलांडलेली आत्याआजी हसून म्हणाली, "नानाच की रे. बाबा तर वरल्या आळीचा." मग माझ्या कागदावरून हात फिरवत तिने विचारले, "ह्याच्यात माझं नाव कुठाय?"

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच मला अधिक लाज वाटली. जमीन सोडताना तिचे नाव लागले. घराण्यात मात्र लागले नाही. टिंब कुणा कारकुनाच्या घाईत गळले असेल. हे नाव आम्ही गाळले होते.

घरी येऊन वंशावळ नव्याने काढली आणि आबांच्या शेजारी तिचे नाव लिहिले.

"लेकीचं नाव लिहित्यात व्हय?" दादांनी विचारले.

"दादा, तिच्यामुळंच तर आपला नाना पक्का झाला."

ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी पेन मागितले आणि खाली सही केली.